द क्लॅश ऐकायचा कसा? आधी त्यांनी कुणाला ऐकलं ते ऐका

पंक म्हणजे तीन कॉर्ड, पळते ड्रम्स आणि आरडाओरडा असं ज्यांना वाटतं त्यांना मी कायम द क्लॅश हा लंडनचा पंक बँड ऐकायला सांगतो. पण होतं काय, लोक डायरेक्ट त्यांचं 'रॉक द कसबा' लावतात आणि म्हणतात अरे हे तर पॉप आहे, किंवा पहिला अल्बम सलग लावतात आणि चौथ्या गाण्याला बंद करतात. मलाही हा बँड कळायला बरीच वर्षं लागली आणि कळला तो त्यांच्या कव्हर गाण्यांमुळे (म्हणजे दुसऱ्यांची गाणी त्यांनी आपल्या पद्धतीने वाजवलेली), म्हणून तोच रस्ता सांगतोय: आधी मूळ गाणं, मग लगेच क्लॅशचं, आणि त्यांनी काय बदललं तेवढंच बघायचं.

सुरुवातीला माणसं माहीत करून घ्या, त्याशिवाय पुढचं डोक्यात बसणार नाही. गायक जो स्ट्रमर आधी वन-ओ-वनर्स नावाच्या पब रॉक बँडमध्ये जुनं रॉक अँड रोल गायचा, १९७६ च्या एप्रिलमध्ये सेक्स पिस्टल्स हा पंक बँड त्यांच्याच आधी वाजवायला आले आणि ते बघून याला कळलं की आपलं जुनं झालं. गिटारवाला मिक जोन्स मॉट द हूपल या रॉक बँडचा कट्टर फॅन, गाण्यातल्या गोड चाली बहुतेक त्याच्या. पॉल सायमनन दक्षिण लंडनमध्ये रेगे आणि स्का हे जमैकाचं संगीत ऐकत वाढला, बास वाजवता येत नव्हता म्हणून बासच्या दांडीवर सुरांची नावं रंगवून ठेवली होती. क्लॅशचा पहिला शो ४ जुलै १९७६, शेफील्डमध्ये, पिस्टल्सच्या आधी. ड्रमर टॉपर हेडन १९७७ मध्ये आला आणि तो जॅझ-सोलवाला, त्याचं नाव लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा धडा, 'पोलीस अँड थीव्हज'. मूळ गाणं जमैकाच्या ज्युनियर मर्विनचं, १९७६ चं, ली 'स्क्रॅच' पेरी या प्रोड्यूसरने किंग्स्टनमधल्या आपल्या ब्लॅक आर्क स्टुडिओत केलेलं. मर्विनचा आवाज इतका वरचा आणि हळुवार आहे की शब्द मारामारीचे आहेत हे पटकन लक्षातच येत नाही. त्या उन्हाळ्यात हे गाणं लंडनमध्ये सगळीकडे वाजत होतं, ऑगस्टमध्ये नॉटिंग हिल कार्निव्हलला पोलीस आणि कृष्णवर्णीय तरुणांची दंगल झाली, जो आणि पॉल तिथे होते आणि त्यातूनच क्लॅशचं 'व्हाइट रायट' हे गाणं आलं. आता हेडफोन लावा आणि क्लॅशचं १९७७ चं 'पोलीस अँड थीव्हज' ऐका, त्या पहिल्या अल्बममधली बाकीची गाणी दोन-अडीच मिनिटांची आणि हे सहा मिनिटांचं! नुसत्या गिटार ऐका: एक ठोक्यावर पडते, दुसरी ठोक्यांच्या मधल्या जागेत. रेगेमध्ये ती मधली जागाच मेन असते, यांनी ती ठेवली आणि वर रॉकचा ठोका लावला, म्हणून ते ना नुसती नक्कल वाटत ना नुसता रॉक. मी हे दहा-बारा वेळा लावल्यावर मला गिटार वेगवेगळ्या ऐकू यायला लागल्या, घाई करू नका. आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी, १९७७ मध्ये, 'कम्प्लीट कंट्रोल' हे त्यांचं गाणं खुद्द ली पेरीने प्रोड्यूस केलं.

दुसरा अल्बम मी सुरुवातीला सोडायलाच सांगेन, त्यातलं फक्त 'सेफ युरोपियन होम' ऐका, जो आणि मिक जमैकाला जाऊन आले त्यावरचं आहे.

मग 'लंडन कॉलिंग' हा अल्बम, डिसेंबर १९७९, १९ गाणी. याला अख्खी संध्याकाळ द्या. अल्बमचं मुखपृष्ठ बघा आधी, पॉल स्टेजवर बास आपटतोय आणि गुलाबी-हिरवी अक्षरं एल्विसच्या १९५६ च्या पहिल्या अल्बमसारखी, म्हणजे आपण कुठून आलो ते मुखपृष्ठावरच सांगून टाकलंय. व्हिन्स टेलरचं १९५९ चं 'ब्रँड न्यू कॅडिलॅक' ऐका आणि मग यांचं, मूळ चपळ आहे, यांचं जड आणि रागीट. तसंच द रूलर्सचं 'राँग एम बॉयो', क्लॅशच्या गाण्यात सुरुवात होते, मध्येच थांबते आणि परत पहिल्यापासून स्काच्या तालात सुरू होते, तो क्षण मला अजूनही भारी वाटतो.

पुढचा अल्बम 'सँडिनिस्टा!' मध्ये तीन रेकॉर्ड, ३६ गाणी, एका बैठकीत अजिबात ऐकू नका, कंटाळून सोडाल. 'मॅग्निफिसंट सेव्हन' पासून सुरुवात करा. १९८० मध्ये न्यूयॉर्कला गेल्यावर त्यांच्या कानावर रॅप पडलं आणि लगेच स्वतःचं करून बघितलं. पुढच्या वर्षी तिथल्या बाँड्स नावाच्या क्लबमध्ये १७ शो केले तेव्हा ग्रँडमास्टर फ्लॅश या हिप-हॉप डीजेला आपल्या आधी स्टेजवर आणलं आणि त्यांच्याच फॅन्सनी त्याला हुर्यो करून हाकललं. याचं मला फार वाईट वाटतं, बँड ऐकायला शिकत होता आणि पब्लिक तिथेच अडकलेलं.

आता 'रॉक द कसबा' लावा, १९८२. ड्रम्स, पियानो, बास, तिन्ही टॉपरने वाजवलंय, ट्यून त्याचीच. पण हेरॉइनमुळे अल्बम येता येता त्याला काढलं, म्हणून व्हिडिओमध्ये ड्रम्सवर जुना ड्रमर टेरी चाइम्स दिसतो. पुढच्या वर्षी मिकलाही काढलं, १९८५ च्या शेवटच्या अल्बममधलं 'धिस इज इंग्लंड' सोडून बाकी राहू द्या.

त्याऐवजी १९८२ च्याच अल्बममधलं 'स्ट्रेट टू हेल' लावा, ड्रम्सकडे लक्ष द्या, तो रॉकचा ठोका नाही, टॉपरने बोसा नोव्हा हा ब्राझीलचा ताल धरलाय. आणि ते संपलं की लगेच एम.आय.ए. या ब्रिटिश गायिकेचं २००७ चं 'पेपर प्लेन्स' लावा, खाली 'स्ट्रेट टू हेल'चाच तुकडा वाजतोय हे पहिल्या काही सेकंदांतच ओळखाल.