वणी, गड, सापुतारा: गाडी स्वतः चालवायची की ड्रायव्हर घ्यायचा?

पाऊस लागला की नाशिकमध्ये घरोघरी एकच बेत ठरतो. पहाटे दिंडोरी रोड धरायचा, सप्तशृंगी गडावर देवीचं दर्शन घ्यायचं, वणीला परत येऊन हतगडावरून सापुतारा गाठायचा. नाशिक ते सापुतारा जेमतेम ८० किलोमीटर, म्हणून तयारी मात्र कुणी करत नाही. डबे, छत्र्या, गाण्यांची यादी हे सगळं नंतर. आधी ठरवा की गाडी चालवणार कोण, कारण बाकीची तयारी त्यावरच अवलंबून आहे.

माझं मत स्पष्ट आहे. घरात घाटाचा सराव असलेले निदान दोघं असतील, तरच स्वतःची गाडी काढा. नाहीतर ड्रायव्हरसकट गाडी घ्या. हायवेवर मुंबईला जाणं म्हणजे घाटाचा सराव नव्हे. घराजवळच्या रिकाम्या चढावर गाडी थांबवा, हँडब्रेक लावा आणि गाडी मागे न सरकवता पुन्हा पुढे काढा. हे सलग चार-पाच वेळा जमलं, तर नांदुरीचा, म्हणजे पायथ्याच्या नांदुरी गावातून सप्तशृंगी गडावर जाणारा घाट चढायला हरकत नाही. आणखी एक गोष्ट आधीच मान्य करा: जो चालवेल त्याला दरी दिसणार नाही. ज्याने आठवडाभर या हिरवाईची वाट पाहिली, त्यालाच स्टिअरिंगवर बसवणं मला तरी पटत नाही.

स्वतः जाणार असाल तर आदल्या दिवशी टायरची हवा, स्टेपनीतली हवा, जॅक-पाना, ब्रेक आणि वायपरचे रबर बघून घ्या. आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स डिजिलॉकरमध्ये चालतात, पण मोबाइल चार्ज केलेला हवा. पेट्रोल वणीच्या पुढे जाण्याआधी भरा.

घाटातले नियम गाडीतल्या सगळ्यांना माहीत हवेत. ज्या गिअरमध्ये चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल अजिबात नको. नुसत्या ब्रेकवर उतरत राहिलं की ते तापतात, जळका वास येतो आणि पाय दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. वास आला तर रुंद जागा बघून थांबा आणि ब्रेक आपोआप गार होऊ द्या, त्यावर पाणी ओतू नका. रस्ता अरुंद असेल तिथे चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा वाहतुकीचा नियमच आहे. नांदुरीच्या तीव्र वळणावर समोरून एसटी आली, तर अलीकडेच डावीकडे थांबा. एसटीचं तोंड वळणाच्या बाहेरून फिरतं आणि मागची चाकं आतली कड कापत येतात. तेव्हा तुम्ही आतल्या बाजूला घुसलेले असाल, तर दोघांनाही हलायला जागा उरत नाही. धुक्यात लाइट लो बीमवर ठेवा, कारण हाय बीमचा उजेड धुक्यावर आदळून डोळ्यांतच येतो. चारही इंडिकेटर लावून गाडी चालवू नका, मागच्याला तुम्ही कुठे वळताय ते कळत नाही.

ड्रायव्हरची गाडी ठरवताना नंबरप्लेट पिवळी आहे ना, ते पाहा. पांढऱ्या प्लेटची ओळखीची गाडी स्वस्त पडते, पण भाड्याने नेलेल्या खासगी गाडीला अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो. सापुतारा गुजरातमध्ये आहे, तेव्हा तिकडचा टॅक्स भाड्यात धरलाय का ते विचारा. दिवसाला किमान किलोमीटर किती, ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग हे सगळं मेसेजवर लिहून घ्या. आणि सरळ विचारा, “दादा, पावसात गड केलाय का? रात्री कुठून परत आलात?” रात्रभर जागून आलेल्या माणसाच्या हाती घाट द्यायचा नाही, मग गाडी कितीही नवी असो.

ग्रुप टूर एकट्या-दुकट्याला किंवा ज्येष्ठांना बरी पडते. मात्र टेम्पो ट्रॅव्हलर तुमच्यासाठी थांबत नाही. वाटेतला हतगड किल्ला चढायचा असेल, तर टूरच्या वेळेत ते बसतं का ते बुकिंगआधीच विचारा.

नुसता गडच करायचा असेल, तर नाशिकहून एसटी आहे आणि ती उत्तम. चैत्रोत्सवात आणि नवरात्रात खासगी गाड्या नांदुरीलाच अडवतात, वर एसटीनेच जावं लागतं. आजी-आजोबांना पायऱ्या झेपणार नसतील, तर वर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे.

वळणांवर उलटी होणाऱ्यांना पुढच्या सीटवर बसवा आणि निघण्याआधी हलकं काहीतरी खायला द्या. उलटीवरची ॲव्होमीन गोळी दिलीत तर ती निघण्याच्या आधी, पण चालवणाऱ्याला कधीच नाही, तिने झोप येते. परतीला सापुताऱ्याहून दुपारी चारलाच निघा, म्हणजे घाटाचा भाग उजेडात मागे पडेल. ड्रायव्हर असेल तर ही वेळ त्यालाही सकाळीच सांगून ठेवा, त्याच्या जेवणाच्या वेळेसकट.