उर्वरित किंमत: सिंचन प्रकल्पांचा अग्रक्रम लावायला शिकताना

एनपीव्ही, आयआरआर, लाभव्यय गुणोत्तर हे प्रकल्प परवडतो का ते मोजण्याचं सगळं गणित तुम्हाला येतं असं धरून चालते. अर्थशास्त्रात किंवा स्थापत्यमध्ये एम.ए., एम.टेक. झालंय, आता एखाद्या महामंडळात किंवा महामंडळाला अहवाल करून देणाऱ्या सल्लागाराकडे कंत्राटी विश्लेषक म्हणून लागताय, आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी प्रकल्पांची लांबलचक यादी पुढ्यात टाकून "अग्रक्रम लावून द्या" म्हणणार आहे. मी सिंचनात काम करते, म्हणून उदाहरणं तिथलीच. रस्ते आणि वीजवाल्यांनी तपशील बदलून घ्यावा.

कोऱ्या पाटीवर प्रकल्प निवडणं फक्त वर्गात होतं. महाराष्ट्रात तुमच्या यादीतली बरीचशी कामं अर्धवट असणार, काही तर तुमच्या जन्माआधीची. गोसीखुर्दच घ्या. वैनगंगेवरच्या या धरणाला १९८३ मध्ये मान्यता मिळाली तेव्हाची किंमत ३७२ कोटी. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं, पुढे राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, आणि सुप्रमा (सुधारित प्रशासकीय मान्यता) होता होता किंमत १८ हजार कोटींच्या पुढे गेली. मूळ हिशेबात हा प्रकल्प बसत होता की नव्हता, यावर आज काथ्याकूट करून काय मिळणार? गेलेला पैसा गेला. विचारायचं ते एवढंच, की आजपासून पुढे किती रुपये लागतील आणि त्या रुपयांनी आज कोरडी असलेली किती जमीन भिजेल.

हे पुस्तकात आहे, तुम्ही वाचलेलंही आहे. मीही वाचलं होतं, तरी इथेच आपटले. म्हणून हा भाग जरा ताणून सांगते.

समजा, दोन प्रकल्प आहेत. आकडे मी बनवलेत, पण फाइलीत असेच दिसतात. पहिला ५०० कोटींचा, त्यातले ४३० खर्च झाले, ७० उरले, लाभक्षेत्र ६ हजार हेक्टर. दुसरा कोरा करकरीत, ९०० कोटींचा, १२ हजार हेक्टरचा. एकूण किमतीवर गेलात तर पहिल्याला हेक्टरी सव्वाआठ लाखांच्या वर पडतात, दुसऱ्याला साडेसात. म्हणजे नवा बरा! उर्वरित किमतीवर आलात की पहिल्याला हेक्टरी एक लाख सतरा हजारच लागतात. पारडं पार फिरलं. नवखा माणूस इथे खूश होऊन तक्ता साहेबांकडे पाठवतो.

पाठवू नका. ते ७० कोटी खोटे आहेत. कुणी मुद्दाम खोटं लिहिलंय असं नाही. उर्वरित किंमत बहुतेकदा शेवटच्या सुप्रमामधून खर्च वजा करून काढलेली असते, आणि ती सुप्रमा जुन्या दरसूचीवर (सरकारी कामांच्या दरपत्रकावर) असते. भूसंपादनाचे दर २०१३च्या कायद्याआधीचे निघाले तर संपलंच. त्या कायद्यानं ग्रामीण भागात मोबदला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत गेला. शिवाय रेल्वेखालून कालवा न्यायचा राहिलेला असतो, वनजमिनीची मान्यता अडकलेली असते, पुनर्वसन गावठाणातल्या नागरी सुविधा बाकी असतात. हे सगळं धरा आणि समजा खरा आकडा १९० कोटी निघाला. आता लाभक्षेत्राकडे या. ६ हजारांतल्या २ हजार हेक्टरला आजच कालव्याच्या वरच्या भागातून किंवा पाझरावर चालणाऱ्या विहिरींतून पाणी मिळतंय. तो लाभ पुढचा एक रुपयाही न घालता मिळणारच आहे. म्हणून भागायचं ४ हजारांनी. हेक्टरी पावणेपाच लाख. प्रकल्प अजूनही नव्यापेक्षा पुढेच आहे, पण यादीतल्या दुसऱ्या एखाद्या अर्धवट कामाच्या मागे जाऊ शकतो.

आणि मग निधी. १९० कोटींच्या कामाची किंमत वर्षाला दहा टक्क्यांनी वाढत असेल, तर वाढच १९ कोटींची झाली. त्या प्रकल्पाला तुम्ही दरवर्षी २० कोटी दिलेत, तर तो जिथे आहे जवळपास तिथेच उभा राहतो. ठेकेदाराची बिलं निघतात, प्रगती अहवाल जातो, पाणी काही पुढे सरकत नाही. यादीतल्या प्रत्येकाला थोडं थोडं वाटणं हा सगळ्यांना खूश ठेवणारा मार्ग आहे आणि माझ्या मते सगळ्यांत महागडाही. अग्रक्रम लावायचा म्हणजे वरच्या चार-पाच कामांना लागेल तेवढं सगळं द्यायचं आणि खालच्यांना या वर्षी नाही म्हणायचं. ते "नाही" तुमच्या तक्त्यात स्पष्ट दिसलं पाहिजे.

भौतिक प्रगती ९२ टक्के, या वाक्याला भुलू नका. ही टक्केवारी मातीकाम आणि काँक्रीटवरून येते. घळभरणी झाली (नदीपात्रातली शेवटची फट बंद केली), धरणात पाणी साठलं, मुख्य कालवा बराचसा झाला की आकडा नव्वदीत जातो. मी असा एक कालवा चालत पाहिला. अस्तरीकरण केलेला, छान कोरलेला कालवा एका सोयाबीनच्या बांधापाशी येऊन थांबला होता. पुढच्या दोन शेतांचा निवाडा, म्हणजे भूसंपादनाच्या मोबदल्याचा आदेश, झालेला नव्हता, आणि त्यापलीकडे कालवा पुन्हा सुरू, तळाशी बाभळी वाढलेल्या. शेतातल्या बाई म्हणाल्या, "ताई, मोजणी तीनदा झाली. पैसं एकदाबी नाही." त्या दोन शेतांमुळे खालच्या सगळ्या वितरिका (शेतांकडे जाणारे उपकालवे) कोरड्या. उरलेल्या आठ टक्क्यांत नेमकं हेच असतं.

देशपातळीवरही हेच दिसलं. प्रधानमंत्री कृषी सिंचाई योजनेत रखडलेले ९९ प्रकल्प अग्रक्रमानं निवडले गेले, त्यात महाराष्ट्राचे २६. नाबार्डकडे दीर्घ मुदतीचा सिंचन निधी उभा केला, म्हणजे पैशाची अडचण बरीच सोडवली. मुदत होती डिसेंबर २०१९. कित्येक प्रकल्पांना ती गाठता आली नाही, आणि कारणांत भूसंपादन ठळक होतं. कल्पना माझ्या दृष्टीनं उत्तमच होती. पण अग्रक्रम लावताना "पैसा दिला तर हे काम खरंच पुरं होईल का" हा वेगळा रकाना हवा, आणि त्यात निवाडा, ताबा, वनमान्यता यांच्या तारखा हव्यात.

बरं, हे वाचून घाबरू नका. गणित अवघड नाही. चौथी-पाचवी फाइल होईपर्यंत कुठला आकडा शिळा आहे हे नजरेला आपोआप कळायला लागतं.

गुणांकन तक्त्यांबद्दल मात्र माझं मत वाईट आहे. रोजगाराला २० गुण, पर्यावरणाला १५, "सामरिक महत्त्वा"ला २५, असं करून यादी लावणं सोपं असतं, सादरीकरणात छानही दिसतं. पण क्रम आधी ठरतो आणि भारांक (कुठल्या निकषाला किती गुण ते) मागून बसवले जातात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता पहिल्यांदा भारांक थोडे हलवून बघते. पाच गुण इकडचे तिकडे केल्यावर पहिल्या पाचांतले तीन बदलले, तर त्या तक्त्याला काही अर्थ नाही.

लाभाच्या बाजूला एकच तपासा: पीकरचना. अहवालात ज्वारी, हरभरा, थोडा भाजीपाला आणि त्यावरून आलेलं भरघोस लाभक्षेत्र. शेतात कालव्याच्या तोंडाशी ऊस. पाणी तिथेच संपतं, टेलपर्यंत (कालव्याच्या शेवटच्या टोकापर्यंत) पोचत नाही. निर्मित सिंचनक्षमता आणि प्रत्यक्ष सिंचन यांतलं अंतर असंच पडतं. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत पिकांखालच्या एकूण क्षेत्रात सिंचित क्षेत्राचा वाटा २०००-०१ मध्ये १७.८ टक्के आणि २००९-१० मध्ये १७.९ टक्के दिला होता. त्यावरून राजकारण किती पेटलं ते तुम्हाला माहीत आहेच.

मार्गदर्शक निवडताना मोठ्या हुद्द्यामागे धावू नका. "मागचाच अहवाल घे, आकडे बदल" असं पहिल्या दिवशी सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहा, मग तो कितीही प्रेमळ असो. निवृत्तीला आलेला एखादा शाखा अभियंता किंवा कालवा निरीक्षक शोधा. कुठल्या किलोमीटरला पाणी का अडतं हे त्याला तोंडपाठ असतं. माझं निम्मं शिक्षण अशाच एका गृहस्थांच्या मोटारसायकलवर मागे बसून झालंय.

एक गोष्ट शिकायला मला फार वेळ लागला. तुमची यादी आर्थिकदृष्ट्या चोख असली तरी ती जशीच्या तशी मंजूर होत नाही, आणि त्यामागे दर वेळी लबाडीच असते असं नाही. दांडेकर समितीनं १९८४ मध्ये विभागवार अनुशेष, म्हणजे कुठला विभाग विकासात किती मागे राहिला ते, मांडला, नंतर संविधानाच्या ३७१(२) कलमाखाली राज्यपालांचे निधीवाटपाचे निर्देश आले. हेक्टरी खर्च जास्त दिसला म्हणून विदर्भातलं काम खाली ढकललंत, तर ते वर आणलं जाईल, आणि त्याला घटनात्मक आधार असेल. यावर चिडण्यात मी बरीच शक्ती घालवली. आता आधी विभागाचा वाटा बाजूला काढते आणि त्या त्या वाट्याच्या आत क्रम लावते. टिपणीत दोन्ही याद्या जोडते, एक राज्याची सलग आणि एक विभागवार, आणि दोन्हींत हेक्टरी किती फरक पडतो ते खाली एका ओळीत लिहिते. ती ओळ साहेब खोडतात कधीकधी. तरी लिहा, स्थळप्रत (कार्यालयात ठेवायची प्रत) तुमच्याकडे असतेच.