ऐकू येतं, पण कळत नाही: कानाची तपासणी कधी करावी

ऐकू कमी येऊ लागलं की सगळं शांत होत जाईल, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात आवाज येतच असतो, शब्द लागत नाहीत. वयामुळे किंवा गोंगाटामुळे होणारी घट वरच्या पट्टीपासून सुरू होते. स्वर खालच्या पट्टीत असतात म्हणून ते टिकतात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं आधी निसटतात. मग ‘साठ’चं ‘आठ’ होतं. पुरुषाचं बोलणं कळतं, सुनेचं आणि नातवाचं कळत नाही. घरचे म्हणतात, ‘यांना हवं ते बरोबर ऐकू येतं.’ हा आरोप अन्यायाचा आहे. असं होत असेल तर तपासणीची वेळ आलेली आहे.

आणखी खुणा: टीव्हीचा आवाज इतरांना सहन होत नाही, फोन नेहमी एकाच कानाला लागतो, लग्नाच्या हॉलमध्ये समोरच्याचं बोलणं जुळवून घ्यावं लागतं, कानात सतत गुणगुण ऐकू येते. आपल्याला स्वतःला हे उशिरा कळतं, म्हणून घरच्यांना विचारा.

घरी एक चाचणी करता येते. ज्याचे कान पाहायचे त्याच्या मागे हातभर अंतरावर उभं राहा, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. त्याने दुसऱ्या कानाच्या भोकापुढचा कुर्चेचा उंचवटा बोटाने दाबून चोळत राहावा. तुम्ही श्वास पूर्ण सोडून ‘चार-क-दोन’ असं काही कुजबुजा. चुकलं तर वेगळे तीन अंक-अक्षरं सांगा. दोन्ही खेपा मिळून सहापैकी तीनही बरोबर आले नाहीत, तर ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्राने ऐकण्याची पातळी मोजून आलेख काढणारी तपासणी, करून घ्या. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे कुजबुजण्याऐवजी हळू आवाजात बोलणं. त्याने कमी ऐकणाराही पास होतो.

एका प्रसंगात मात्र थांबायचंच नाही. सकाळी उठल्यावर किंवा दोन-तीन दिवसांत एक कान अचानक बंद झाला, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. लोक सर्दी किंवा मळ समजून तेल, ड्रॉप घालत आठवडा काढतात, आणि नेमका तोच आठवडा मोलाचा असतो. आतल्या नसेचा बिघाड असेल तर स्टेरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांत सर्वाधिक होतो. दोन आठवड्यांनंतर आशा बरीच कमी होते. घरी अंदाज घ्यायचा तर तोंड मिटून ‘हं’ गुणगुणा. आवाज बंद कानात मोठा वाटला तर बहुधा मळ किंवा पाणी, चांगल्या कानाकडे गेला तर नसेची शंका. पण हा फक्त अंदाज. तज्ज्ञांकडे दोन्ही वेळा जायचंच. सोबत चक्कर किंवा चेहरा वाकडा होणं असेल तर थेट रुग्णालय गाठा.

बाळाच्या बाबतीत थाळी वाजवून पाहू नका. मध्यम दोष असलेलं मूलही मोठ्या आवाजाला दचकतं, आणि हालचाल दिसल्यानेही वळून बघतं. जन्मानंतर एका महिन्याच्या आत ओएई चाचणी (आवाजाला आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी), ती नापास झाली तर तीन महिन्यांपर्यंत बेरा (नस आणि मेंदूचा प्रतिसाद मोजणारी), आणि दोष असेल तर सहा महिन्यांपर्यंत उपचार सुरू, हा हिशेब लक्षात ठेवा. नात्यातलं लग्न, काचेच्या पेटीत राहिलेलं बाळ, खूप वाढलेली कावीळ, मेंदूज्वर यांपैकी काही असेल तर पहिली चाचणी पास झाली तरी पुढे पुन्हा तपासा.

इचलकरंजी-भिवंडीचे मागवाले, कारखान्यातले कामगार, ढोल-ताशा पथकातली मुलं यांनी त्रास नसतानाही वर्षाला एकदा तपासावं. तपासणीआधी निदान १४ तास गोंगाटापासून दूर राहा, नाहीतर तात्पुरता थकवाही आलेखात दोष म्हणून उतरतो. सुट्टीच्या दिवशी सकाळची वेळ बरी. क्षयासाठी अमिकासिन किंवा कर्करोगासाठी सिस्प्लाटिन सुरू होणार असेल, तर पहिल्या डोसाआधीच तपासणी मागा, कारण या औषधांनी कानाला इजा होऊ शकते. बाकीच्यांनी पन्नाशीनंतर दर पाच वर्षांनी, ६५ नंतर दर एक ते तीन वर्षांनी करावी.

जाण्याआधी मळ तज्ज्ञांकडूनच काढून घ्या; बड्स आणि हेअरपिनने तो आत ढकलला जातो. तपासणी आवाजबंद खोलीत होते. अगदी बारीक आवाज आला तरी बटण दाबायचं. खात्री होईपर्यंत थांबलात तर आकडा उगाच वाढतो. आलेखावर लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. ऐकू आलेला सर्वांत हळू आवाज २० डेसिबलच्या (आवाजाचं माप) आत असेल तर ठीक. चांगला कानही ३५ च्या पुढे गेला असेल, तर श्रवणयंत्राबद्दल विचारा. हवेतून (हेडफोनने) आणि हाडातून (कानामागे कंपक लावून) घेतलेल्या दोन रेषांत अंतर असेल तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे, आणि तो पुष्कळदा औषधाने किंवा शस्त्रक्रियेने दूर होतो.

मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत या तपासण्या होतात. इतरत्र वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. आलेखाची प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा. पुढच्या वेळी घट किती वाढली, हे तिच्याशी ताडूनच कळतं.