पंचवीसची खोड कशी लिहायची

मी काहीही मोजते ते पंचवीसच्या हिशोबानं. गणवेश शिवायच्या कारखान्यात बटणं मोजताना, आठवड्याच्या गोळ्या डबीत भरताना, जिना चढतानासुद्धा. पंचवीस झाले की डाव्या हाताचं एक बोट दुमडायचं आणि पुन्हा एकपासून सुरू. चार बोटं मिटली की शंभर. मोजते मात्र तेलुगूत: ओकटि, रेंडु, मूडु. दिवसभर माझं बोलणं मराठीत चालतं, भांडणसुद्धा मराठीतच, पण आकडे तेलुगूच येतात.

ही आठवण पहिल्यांदा लिहिली तेव्हा सुरुवात केली होती, ‘माझं बालपण अत्यंत कष्टात गेलं.’ शेजारच्या काकूंना वाचून दाखवलं. त्या कांदा चिरत होत्या, चिरतच राहिल्या. दुसऱ्या खेपेला बोट दुमडण्यापासून सुरू केलं. काकूंनी विळी बाजूला सारली, स्वतःची बोटं बघितली आणि म्हणाल्या, “असं का करलालीस गं? पंचवीसच का?”

तो प्रश्न ऐकणाऱ्याच्या तोंडून आला पाहिजे. म्हणून खोड आधी सांगा, कारण मागाहून. आणि कारण सांगताना ‘कष्ट’ हा शब्द न वापरता कष्ट दाखवा. माझी अम्मा बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पान पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, तोंड नखानं आत दाबायचं, दोरा गुंडाळायचा. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा, हजाराचे ४० कट्टे. कारखान्यात तपासणारा माणूस नापसंत बिड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढायचा, त्यांचे पैसे नाहीत. त्यामुळे कट्टा बांधण्याआधी अम्मा पुन्हा एकदा मोजायची, आणि मी तिच्यासमोर बसून बोटं दुमडत तिचा हिशोब ठेवायची. एवढं लिहिलं की पुरतं.

आता तुमची खोड कुठं सापडेल? तुम्हाला स्वतःला ती दिसणार नाही, घरच्यांना विचारा. मी आठ दिवस फ्रिजवर कागद चिकटवून ठेवला होता आणि सगळ्यांना सांगितलं होतं, माझं काही वेगळं दिसलं की लिहा. मुलीनं लिहिलं, ‘आई कडक भाकरी कानाजवळ नेऊन मोडते.’ ह्यांनी लिहिलं, ‘पांघरताना चादरीवर विणलेलं नाव पायाकडे जाऊ देत नाही.’ या दोन्ही गोष्टी मला ठाऊकच नव्हत्या. भाकरीचं कारण शोधायला मला दोन दिवस लागले: माझे वडील, आम्ही नायना म्हणायचो, भाकरी नीट वाळली की नाही ते आवाजावरून ओळखायचे. चादरीचं कारण लगेच सापडलं. नायना चादरीच्या कारखान्यात होते, आणि विणलेल्या अक्षरांना पाय लागलेला त्यांना चालायचा नाही.

कागदावर ‘पावसाचा वास आवडतो’, ‘चहाशिवाय सकाळ होत नाही’ असलंही येईल. ते सोडून द्या. ते खोटं नसतं, पण सगळ्यांचंच असतं. जी सवय वाचून अनोळखी माणूस थांबेल तीच घ्या, आणि एका वेळी एकच. बिड्यांच्या गोष्टीत भाकरी घातली की दोन्ही पातळ होतात.

सगळ्यांना ठाऊक असलेल्या प्रसंगाबद्दल लिहायचं असेल तर जास्त जपावं लागतं. आमच्या सोलापूरची गड्ड्याची यात्रा घ्या. सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज, ६८ लिंगांना घातलेली प्रदक्षिणा, पांढऱ्या बाराबंदीतले भाविक, संमती कट्ट्यावरचा देवाच्या लग्नाचा अक्षता सोहळा, हे दर जानेवारीत छापून येतं, आणि सोलापूरच्या माणसाला ते सांगायचीही गरज नाही. एका ओळीत उरका. मी लिहिलं ते एवढंच: सहा-सात वर्षांची असताना मला हातातल्या अक्षता टाकवेनात. सगळ्यांनी टाकल्या, मी फ्रॉकच्या खिशात ठेवल्या. अम्मानं कपडे धुताना खिसा उलटा केला, दाणे निवडले, आणि रात्रीच्या भातात घातले. हळदीमुळे भाताला कुठं कुठं पिवळी छटा आली होती. नायना म्हणाले, देवाच्या लग्नाचं जेवण आपल्या घरात झालं. वाचणाऱ्या बऱ्याच जणींनी नंतर आपापल्या खिशातल्या वस्तू मला सांगितल्या.

साल आठवत नाही म्हणून अडून बसू नका. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना साल विचारलं की ती गप्प होतात, पण ‘बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?’ म्हटलं की झटक्यात सांगतात. रेशनची लाल मिलो ज्वारी खाल्लेली जीभ विसरत नाही. आजोबांच्या पिढीसाठी इंग्रजांनी सोलापुरात लावलेला १९३० चा मार्शल लॉ ही खूण होती. माझ्या वयाच्यांसाठी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप. सोलापुरातही भांडी खडखडली होती, लोक अंधारात रस्त्यावर आले होते. त्या पहाटे कोण कुठं झोपलं होतं हे विचारा, घरात तेव्हा किती माणसं होती, पाळण्यात कोण होतं, सगळं निघतं.

एक चूक माझ्या हातून झाली ती तुम्ही करू नका. माझी पिन्नी, म्हणजे मावशी, शेंगाच्या चटणीच्या डब्यात तळाशी पैसे लपवायची. मला ती तिची हुशारी वाटली, कौतुकानं लिहिलं. ते तिच्या घरात वाचलं गेलं. पैसे कुणापासून लपवायची हा प्रश्न तिला या वयात, सुनांसमोर ऐकावा लागला. ती वर्षभर माझ्याशी बोलली नाही. तेव्हापासून आठवणीत दुसरं जिवंत माणूस असेल तर लिहिलेलं आधी त्याला ऐकवते. नको म्हटलं तर तो कागद ट्रंकेत जातो.

आठवण पडताळून पाहायचं मी नायनांच्या कामावरून शिकले. चादरीवरची नक्षी मागावरच्या जेकार्ड नावाच्या यंत्रावर निघते. पुठ्ठ्यांना भोकं पाडलेली असतात. भोक असेल तिथला हूक उभा धागा उचलतो, नसेल तिथला धागा खाली राहतो. एका पुठ्ठ्याला एक आडवा धागा, आणि असे शेकडो पुठ्ठे दोरीनं ओवून त्यांची माळ मागावर फिरत असते. एका पुठ्ठ्यात भोक चुकलं तर दोष एकदाच दिसत नाही. माळ फिरून आली की पुन्हा त्याच जागी, पुढच्या फुलात, त्याच्या पुढच्या फुलात. नायना चादर उजेडात धरायचे आणि दोष कितव्या पुठ्ठ्यातला ते बोटांनी मोजत मागे जायचे. आठवणीतही असंच होतं. एकदा चुकीची सांगितली की पुढं प्रत्येक वेळी तशीच सांगितली जाते, आणि सांगणाऱ्याला तीच खरी वाटायला लागते. तेव्हा कुणाला दाखवण्याआधी, तिथं हजर असलेल्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा.

अम्माला मराठी कळतं, पण वाचता येत नाही. मी तिच्यासाठी वाचता वाचता तेलुगू करत जाते. जिथं मला तेलुगू सुचत नाही, अडखळते, ते वाक्य बहुतेक नुसतं नटवलेलं असतं. तिथंच पेन्सिलीनं खूण करते आणि नंतर ते काढून टाकते. घरात दुसरी भाषा असेल तर हे जरूर करून बघा, नसेल तर आपल्या आजीच्या बोलीत सांगून बघा.

पंचवीसची गोष्ट वाचत होते तेव्हा अम्मा डोळे मिटून ऐकत होती. ‘अम्मा रोज हजार बिड्या वळायची’ या वाक्याला तिनं हात वर केला. हे वाक्य मी वर्षानुवर्षं सगळीकडे सांगत आले होते, मुलांना, कारखान्यातल्या बायकांना.

“एकटीनं हजार मी कधीच केल्या नाहीत,” ती म्हणाली. “एकटी असले की सातशे. पानं कापून तू द्यायचीस, तेव्हा हजार व्हायच्या.”

मला पानं कापल्याचं आठवत नव्हतं. तिनं माझा उजवा हात ओढून अंगठ्याच्या बुडाशी कात्रीचा घट्टा कुठं पडला होता ती जागा दाबून दाखवली. आता तिथं काही दिसत नाही. मी वाक्य खोडलं आणि त्याच्यावर लिहिलं: आम्ही दोघी मिळून रोज ४० कट्टे बांधायचो.