घरगुती सजावटीत या चुका टाळा: ओल, घाई आणि चुकीचा गोंद

कागदी चांदणीला सुरकुत्या पडल्या, मिठाच्या पिठाची टांगणी आठवड्यात मऊ झाली, दोऱ्याचा गोल एका बाजूने बसला. तक्रारी तीन, पण मूळ बहुतेक वेळा एकच असतं, ते म्हणजे पाणी. कुठे ते गरजेपेक्षा जास्त पडलेलं असतं, तर कुठे ते पुरतं निघून जायच्या आत पुढचं काम उरकलेलं असतं.

कागदापासून सुरुवात करू. पातळ कागदावर पांढरा गोंद थापला की गोंदातलं पाणी कागदाच्या तंतूंमध्ये शिरतं. तंतू जाडीला फुगतात, लांबीला जवळपास नाहीत, म्हणून कागद एकाच दिशेने लाटांसारखा उठतो. साध्या छपाईच्या कागदाला आणि त्याहून पातळ कागदाला ग्लू स्टिक किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरा. पांढरा गोंदच वापरायचा असेल तर जुन्या कार्डाच्या कडेने तो ओढून अगदी पातळ पसरा आणि वर बटर पेपर ठेवून रात्रभर पुस्तकांच्या वजनाखाली दाबा.

जाड कार्डाची घडी फाटल्यासारखी दिसते, तेव्हा कात्रीला दोष देऊ नका. कागदात बहुतेक तंतू एका दिशेने बसलेले असतात. कार्ड न मोडता एकदा उभं आणि एकदा आडवं वाकवून बघा. ज्या बाजूने ते सहज वाकतं त्या बाजूने घडी स्वच्छ पडते. उलट दिशेला घडी घालणं भाग असेल तर रिकाम्या बॉलपेनच्या टोकाने पट्टी धरून आधी रेघ दाबून घ्या.

मिठाच्या पिठाची टांगणी

सगळ्यात स्वस्त प्रकार हाच, आणि सगळ्यात जास्त बिघडणाराही हाच. प्रमाण सोपं आहे: २ वाट्या मैदा, १ वाटी बारीक मीठ, पाऊण वाटीच्या आसपास पाणी. पाणी एकदम ओतू नका, शेवटचे तीन-चार चमचे लागतील तसे घाला. पीठ बोटाला चिकटत असेल तर ते सैल झालंय आणि वाळताना तडकणार, हे धरून चाला. जाड मीठ घेतलं तर पृष्ठभाग खरबरीत राहतो, आणि फुगवणारी पावडर मिसळलेलं तयार पीठ वापरलं तर आकाराच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. ८ ते १० मिनिटं मळा, ५-६ मिलिमीटर जाड लाटा. टांगायचं भोक ओल्यातच स्ट्रॉने पाडा, कडेपासून किमान १ सेंटिमीटर आत. वाळल्यावर भोक पाडायला गेलात तर तुकडा हातात येतो.

वर फोड आले तर ओव्हन जास्त तापला होता, असं समजा. आतल्या पाण्याची वाफ झाली आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही. १०० अंश सेल्सिअसला दोन-तीन तास ठेवा, दर पाऊण तासाने उलटा. न उलटल्यास वरची बाजू आधी आक्रसते आणि तुकडा पापडासारखा वाकतो. ओव्हन नसेल तर जाळीवर ठेवून हवेत वाळवता येतं, पण तीन-चार दिवस लागतात आणि रोज उलटावं लागतं.

वाळलं की नाही हे बोटाने कळत नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर एक तुकडा तोला, परत ओव्हनमध्ये ठेवून तासाभराने पुन्हा तोला. आधी ३४ ग्रॅम आणि आता ३२ भरलं, तर पाणी अजून निघतंय. वजन उतरायचं थांबलं की मगच रंग द्या. इथे घाई केली तर आत अडकलेली ओल रंगाखाली घाम आणते.

शेवटी वार्निशचे दोन-तीन पातळ हात द्या, मागच्या बाजूला आणि भोकाच्या आतसुद्धा. नेमकं भोकच सगळे विसरतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढतं, आणि एवढीशी उघडी जागा त्याला पुरते. वार्निशऐवजी पांढरा गोंद फासण्याचा सल्ला बराच फिरतो, पण तो दमट हवेत पुन्हा चिकट होतो. न रंगवलेला तुकडा मऊ पडला असेल तर तासभर मंद ओव्हनमध्ये सुधारतो. वार्निश लावलेला मात्र तापवू नका. घरात कुत्रा असेल तर ही टांगणी त्याच्या तोंडाला लागणार नाही अशा उंचीवर हवी, कारण एवढं मीठ पोटात गेलं तर ते त्याच्या जिवावर बेतू शकतं.

दोऱ्याचा गोल

फुग्यावर गोंदात भिजवलेला दोरा गुंडाळायचा आणि वाळल्यावर फुगा काढून घ्यायचा, की हा पोकळ गोल उरतो. २५ सेंटिमीटर व्यासाच्या फुग्याला साठेक वेढे लागतात, म्हणजे जवळपास ५० मीटर जाड सुती दोरा. दोन भाग पांढरा गोंद आणि एक भाग पाणी यात दोरा पूर्ण भिजवून, बोटांच्या चिमटीतून ओढून जादा गोंद काढा. फुग्याला आधी पेट्रोलियम जेली लावलेली हवी, नाहीतर रबर दोऱ्यालाच धरून बसतं. वेढे सगळ्या दिशांनी एकमेकांना ओलांडत गेले पाहिजेत. एकाच दिशेने गुंडाळलेला गोल उभा राहतच नाही.

लवकर वाळावा म्हणून तो उन्हात टांगणं ही इथली हमखास चूक. आतली हवा प्रसरण पावते, फुगा फुटतो आणि ओला दोरा गळून पडतो. सावलीत, वारा लागेल तिथे निदान २४ तास टांगा, पावसाळी हवेत ४८. दोरा कडकडीत झाला की पेन्सिलीच्या बोथट टोकाने फटींतून फुगा आतल्या आत सुटा करा. मग गाठीजवळ, जिथे रबर कमी ताणलेलं असतं, तिथे बारीक छेद देऊन हवा हळूहळू जाऊ द्या. एकदम फोडलात तर चिकटलेलं रबर दोरा आत खेचतं आणि खळगा पडतो. आत दिवा हवा असेल तर एलईडीच, मेणबत्ती अजिबात नाही.

गोंद कुठला, कशाला

थर्माकोलवर गरम ग्लू गन टेकवली की खड्डा पडतो. कमी तापमानाची गन किंवा पांढरा गोंद चालतो. उग्र वासाचे रबरी गोंद आणि साधा स्प्रे पेंट थर्माकोल विरघळवतात, म्हणून रंग पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिकच घ्या. काचेवर मात्र उलटी अडचण आहे. तिथे गरम गोंद लगेच गार होतो आणि पुढे अख्खी चकती निघून येते. काच स्पिरिटने पुसा, हेअर ड्रायरने कोमट करा, मग चिकटवा. गोंदाचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे राहिले असतील तर तोच ड्रायर क्षणभर फिरवा.

बरणीत मेणबत्ती ठेवायची असेल तर तळाशी दोन सेंटिमीटर वाळू घाला. ज्योत थेट तळ तापवते तेव्हा साधी काच तडकते. बरणीवर कागद, चमकी किंवा सुकलेली पानं चिकटवली असतील तर तिथेही एलईडीच बरा.

तोरण मध्येच ताणलेलं का दिसतं

कारण दोरा अंतराएवढाच कापलेला असतो. खिळ्यांमध्ये २ मीटर अंतर असेल आणि मध्ये ३० सेंटिमीटर झोळ हवा असेल, तर दोरा २.१२ मीटर लागतो. गाठींसाठी दोन्हीकडे १० सेंटिमीटर धरून २.३२ मीटर कापा. कागदी चकत्या दोऱ्यावर सरकून मध्यभागी गोळा होत असतील तर प्रत्येक चकतीच्या मागे गोंदाचा एक ठिपका द्या. टेपने भिंतीचा रंग उपटत असेल तर टेप कोमट करून, भिंतीलगत मागे दुमडत सावकाश ओढा.