मग तुमचं म्हणणं काय?

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून पहिला सराव निबंध लिहिला, तेव्हा तो जमलाय असं मला मनापासून वाटलं होतं. विषय यूपीएससीच्या २०१७च्या मुख्य परीक्षेतला : भारतातल्या बहुसंख्य शेतकऱ्यांना शेतीवर पोट भरणं शक्य राहिलेलं नाही. घरची शेती, म्हणजे विषय आपलाच! बाराशे शब्द, कवितेच्या दोन ओळी, वर एक सुभाषित. तपासून आला तेव्हा १२५ पैकी ४४, आणि खाली लाल शाईत एकच ओळ : "सगळं बरोबर. मग तुमचं म्हणणं काय?"

दोन दिवस धुसफुसलो. मग स्वतःच परत वाचला. सुरुवातीला 'शेती हा अर्थव्यवस्थेचा कणा', शेवटी 'शासन, समाज आणि शेतकरी यांनी एकत्र यायला हवे', आणि मध्ये पाऊस, कर्ज, बाजार, जमिनीचे तुकडे अशी वाणसामानाची यादी. म्हणणं कुठेच नव्हतं.

ही सवय शाळेतली. 'विज्ञान : शाप की वरदान?' यावर दोन पानं शाप, दोन पानं वरदान, आणि शेवटी 'ते वापरणाऱ्यावर अवलंबून आहे' असं लिहिलं की बाई खूश. समतोल म्हणजे भूमिका न घेणं, हे तिथेच डोक्यात बसतं. क्लासवाले ज्याला थीसिस स्टेटमेंट म्हणतात, त्याला मी त्या लाल ओळीपासून नुसतं 'म्हणणं' म्हणतो. त्याची परीक्षा सोपी आहे : ते ऐकून एखादा शहाणा माणूस 'मला नाही पटत' म्हणू शकतो का? 'शेतकऱ्यांचे प्रश्न गंभीर आहेत' याला कोण कशाला नाही म्हणेल?

मग त्याच विषयाला पुन्हा बसलो. कच्च्या पानावर पहिलं वाक्य आलं : 'शेती परवडत नाही.' हा तर विषयच झाला. दुसरं : 'शेती परवडत नाही, कारण जमिनीचे तुकडे झालेत.' आता निदान 'कारण' तरी आलं. आकडेही हाताशी होते. २०१५-१६च्या कृषी गणनेत सरासरी जमीनधारणा १.०८ हेक्टर, आणि ८६ टक्के खातेदार दोन हेक्टरच्या आत. मी खूश. रूममेट निफाडकडचा. त्याला वाक्य वाचून दाखवलं, तर म्हणाला, "आमच्याकडे दोन एकर द्राक्षावर माणूस एका वर्षी घराचा स्लॅब टाकतो आणि पुढच्या वर्षी त्याच दोन एकरांत कर्जात जातो. जमीन तर तेवढीच राहिली की रे."

वाक्य तिथेच मोडलं. रात्री उशिरा तिसरं सुचलं : 'जमीन तोकडी आहे हे खरं, पण छोटा शेतकरी बुडतो तो भावाच्या बेभरवशामुळे, कारण पीक शेतात असताना सरकार नियम बदलतं.' याला पुरावा शोधायला लांब जावं लागलं नाही. २०२३च्या ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क, ८ डिसेंबरला थेट निर्यातबंदी, आणि ती उठली २०२४च्या मे महिन्यात. लागवड करणाऱ्याने हिशेब कशाच्या जोरावर मांडायचा?

मराठीत लिहिणाऱ्यांनी एक सांभाळायचं. आपलं क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे 'वाढता उत्पादनखर्च, घटती जमीनधारणा आणि बदलत्या धोरणांमुळे निर्माण होणाऱ्या...' असं सुरू केलं की तपासणारा क्रियापदापर्यंत पोचेतो दमलेला असतो. म्हणून दावा आधी पुरा करायचा, क्रियापदासकट. 'कारण' त्याच्या मागून. आणि 'हे खरं, पण' दाव्याच्याही आधी. समोरच्याचं तेवढं मान्य केलं की निबंध एकांगी होत नाही, आणि अर्धा निबंध विरोधी बाजूला द्यावाही लागत नाही.

पेपरला तीन तास, निबंध दोन, प्रत्येकी हजार-बाराशे शब्दांचे. म्हणजे एकाला दीड तास. त्यातली पंधरा-वीस मिनिटं मी कच्च्या पानालाच देतो. म्हणणं वर लिहायचं, खाली प्रत्येक परिच्छेदाची एक ओळ, आणि ती ओळ वरच्या 'कारण'ला हातभार लावत नसेल तर काट मारायची. सेंद्रिय शेतीवरचा माझा लाडका परिच्छेद असाच गेला. एक अख्खा दिवस खर्चून त्याच्या नोट्स काढल्या होत्या. जीव तुटला, पण तो त्या निबंधाचा नव्हताच. (तत्त्वचिंतनाच्या विषयांनाही हेच लागू, फक्त तिथे म्हणण्यात एखादा ठोस माणूस किंवा प्रसंग यायलाच हवा. नाहीतर सगळं हवेत.)

दुसऱ्यांदा लिहिलेला निबंध परत आला. १२५ पैकी ६१. लाल शाई या वेळी समासभर होती, आणि शेवटी : "पटलं नाही. भाव चढले की शहरातल्या हातावर पोट असणाऱ्याने काय खायचं?" त्या रविवारी मेसमध्ये फीस्ट होती. ताटावर बसूनच मी रूममेटशी त्या प्रश्नावर तासभर भांडलो, आणि पुढच्या वेळचा चौथा परिच्छेद तिथेच तयार झाला.