देवघरातली शिवराई कशी वाचायची

आजीच्या देवघरात पितळी डबीत तांब्याची पाच जाड नाणी होती. दर दिवाळीला ती चिंचेने घासून लखलखीत करायची. डबी माझ्याकडे आली तेव्हा पाचांपैकी एकाच नाण्यावर कसंबसं ‘राजा’ वाचता आलं, बाकीची अक्षरं झिजून गेली होती. म्हणून सगळ्यात आधी हे सांगते: घरात शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं असं तांब्याचं नाणं असेल तर तिला चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर, काहीही लावू नका. तांब्यावर बसलेला काळसर तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे. तो खरवडला की त्याच्याबरोबर अक्षरांच्या कडाही जातात. माती चिकटलेली असेल तर नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोन-तीन दिवस बुडवा, पाणी रोज बदला आणि सुटलेली माती लाकडी टूथपिकने हलकेच काढा. फिकट हिरवी भुकटी पुसूनही परत येत असेल तर ते नाणं कोरड्या जागी, इतरांपासून लांब ठेवा.

वाचायला रात्रीची वेळ बरी. दिवे मालवा, टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि नाणं सावकाश फिरवा. वरून प्रकाश टाकला तर सपाट दिसणाऱ्या तांब्यावर आता सावल्या पडतात आणि एखादी वेलांटी अचानक उठून येते. एका बाजूला तीन ओळी असतात: श्री, राजा, शिव. दुसरीकडे दोन: छत्र, पति. भोवती ठिपक्यांचं वर्तुळ.

हा सगळा मजकूर एकाच नाण्यावर मिळणं दुर्मीळ. ठसा मोठा, चकती लहान, त्यामुळे हातोड्याचा घाव बसला तेव्हा जेवढं चकतीवर मावलं तेवढंच उमटलं. मी नाण्याचा मोठा फोटो छापते, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून दिसतं तेवढंच गिरवते, आणि ठिपक्यांचा जो तुकडा सापडेल त्यावरून कंपासने वर्तुळ पुरं करते. मग कळतं की आपल्या हातात मजकुराचा डावा भाग आहे की खालचा. नुसतं ‘त्र’ दिसत असलं तरी त्याची जागा सापडते. घाई करून मनातलं अक्षर तिथे बघायचं नाही, हे मात्र पाळा.

‘शिव’ वाचलं की लोकांना वाटतं नाणं थेट रायगडावरचं. तसं नसतं. 6 जून 1674 च्या राज्याभिषेकानंतर रूढ झालेला हा मजकूर पुढे पेशवाईतही, शिवाजी महाराजांच्याच नावाने पाडला जात राहिला. बाजारात मिळतात त्यातल्या बहुतेक शिवराया अशा उत्तरकालीन असतात. ओळींच्या मध्ये दोन समांतर आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी शिवराई, तीही उशिराची. ‘शिव’च्या जागी ‘सिव’ असं लिहिलेलं असेल तर तेही टिपून ठेवा. वजन खिशात मावणाऱ्या साध्या वजनकाट्यावर करा, दशांश ग्रॅमपर्यंत, आणि फोटोमागे लिहून टाका. ‘शिव’च्या जागी ‘शंभु’, म्हणजे संभाजी महाराजांचं नाव दिसलं तर मात्र थांबा, पुन्हा पुन्हा बघा, आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय कुणाला सांगू नका.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी मी अजून जाते. घेण्याआधी कड बघते. ठोकलेल्या नाण्याच्या कडेला चिरा असतात, जाडी सारखी नसते. ओतीव नकलेच्या कडेवर सांध्याची बारीक रेघ किंवा ती घासल्याच्या खुणा सापडतात, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात आणि अक्षरं वितळल्यासारखी गुळगुळीत. होन, म्हणजे शिवकालीन सोन्याचं नाणं, स्वस्तात देतो म्हणणाऱ्याकडे मी थांबत नाही.

शेतात नांगराला नाण्यांचा हंडा लागला तर तो वाटून घ्यायचा नसतो. 1878 च्या निखात निधी (जमिनीत पुरलेलं धन) कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शिवाय नाणी कुठे, कशात, कशाबरोबर सापडली हे त्यामुळेच नोंदलं जातं. सुटं विकलेलं नाणं ही माहिती कायमची गमावतं.

नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची, म्हणजे नाण्यांच्या अभ्यासाची, संशोधन संस्था आहे. नाणकशास्त्र नीट शिकायचं असेल तर तिथे एकदा जाऊन या.

आजीची नाणी आता मी कागदी पाकिटांत ठेवते, मऊ प्लास्टिकच्या नाही, कारण त्यातून सुटणारं रसायन तांब्याला चिकट हिरवं करतं. पाकिटावर वजन लिहिलंय, आणि चार पाकिटांवर ‘मजकूर घासलेला’.